‘स्टालाग’ रिडिम: टेप कोणाची, गाणं कोणाचं?

प्रकरण थोडक्यात असं आहे. १९७३ साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये अ‍ॅन्सेल कॉलिन्स या ऑर्गनवादकाची ‘स्टालाग १७’ नावाची एक वाद्यधून रेकॉर्डवर आली. निर्माता विन्स्टन रायली, आणि लेबलही त्याचंच, ‘टेक्निक्स’. पुढची बारा-तेरा वर्षं रायली त्याच धुनेवर एकामागून एक गायकांचे आवाज चढवत राहिला. त्यातलं एक गाणं, १९८२ मधलं सिस्टर नॅन्सीचं ‘बॅम बॅम’, जगभर गेलं. सिनेमात वाजलं, जाहिरातीत वाजलं, मोठमोठ्या रॅपरांनी त्याचे तुकडे उचलून आपल्या गाण्यांत बसवले. ते गाणारी बाई तेव्हा अमेरिकेत एका बँकेत नोकरी करत होती. या गाण्यापोटी बत्तीस वर्षं आपल्याला काहीही मिळालं नाही, असं तिने मुलाखतींतून वारंवार सांगितलं आहे.

लबाड निर्माता आणि नाडलेली गायिका, अशा साच्यात ही गोष्ट सहसा सांगितली जाते. साचा खोटा नाही, पण त्यात अर्ध्याहून अधिक गोष्ट मावत नाही. रायलीने जे केलं ते रात्रीच्या अंधारात केलं नव्हतं. तेव्हाचा कायदा, धंद्याचा रिवाज आणि संगीत रचण्याची पद्धत, तिन्ही त्याच्या बाजूने उभे होते. आणि त्याच पद्धतीतून ‘बॅम बॅम’ जन्मलं. तेव्हा सुरुवात नॅन्सीपासून करण्याऐवजी टेपपासून केलेली बरी.

आधी रिडिम

गाण्यातून गायक वजा केला की जे उरतं तो रिडिम: बासची फिरत राहणारी ओळ, ड्रम, ठोक्यांच्या मधल्या जागेत पडणारा गिटारचा तुटक आघात, एखादा ऑर्गन किंवा ब्रासचा तुकडा. जमैकात रिडिमला स्वतःचं नाव असतं, इतिहास असतो, चाहते असतात. नवं गाणं कानावर पडलं की ‘कोणी गायलंय’ याइतकंच ‘कशावर गायलंय’ हे विचारलं जातं.

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं चाळलेल्या मराठी वाचकाला हे पटकन कळेल. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’सारख्या नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे एखाद्या जुन्या, लोकांना पाठ असलेल्या पदाची ओळ दिलेली असते. चाल जुनी, शब्द नवे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. फरक एवढाच की किंग्स्टनमध्ये चाल नुसती मनात राहत नव्हती. ती टेपवर होती आणि टेप एका माणसाच्या कपाटात होती. पुढचं सगळं रामायण या कपाटामुळे घडलं.

रिडिम गायकापासून सुटा झाला तो साठच्या दशकाच्या अखेरीस. याची सांगितली जाणारी कथा अशी की स्पॅनिश टाउनचा एक साउंड सिस्टमवाला (मोठमोठे स्पीकर लावून नाच भरवणारा), रडी रेडवुड, ड्यूक रीड या निर्मात्याच्या स्टुडिओतून पॅरागॉन्स या गटाच्या गाण्याची डबप्लेट, म्हणजे नाचासाठी कापून घेतलेली एकुलती एक मऊ तबकडी, घेऊन गेला. तबकडी कापताना तंत्रज्ञाकडून गायकांचा ट्रॅक राहून गेला होता. रेडवुडने तशीच ती वाजवली आणि मोकळ्या जागेत गर्दीच गाऊ लागली. ही चूक धंद्याच्या फायद्याची निघाली. लवकरच प्रत्येक ४५ आरपीएम रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिनगायकाची ‘व्हर्जन’ छापण्याची रीत पडली. १९७० मध्ये यू-रॉय नावाच्या डीजेने ड्यूक रीडच्या जुन्या ट्रॅकवर बोलत-गात तीन रेकॉर्ड काढल्या आणि त्या तिन्ही एकाच वेळी जमैकाच्या यादीत वरच्या तीन जागांवर जाऊन बसल्या. इथे एक खुलासा हवा. जमैकात डीजे म्हणजे माइकवर तालात बोलणारा. रेकॉर्ड लावतो तो सिलेक्टर. आपल्याकडच्या गणपतीतल्या डीजेशी याची गल्लत करू नये.

निर्मात्याच्या दृष्टीने हा व्यवहार फारच सोयीचा होता. वादकांना एका ट्रॅकचे पैसे एकदाच द्यायचे. दुसऱ्या गायकाला उभं करायचं तर फक्त टेप लावायची आणि माइक सुरू करायचा. गायक चालला तर उत्तम, नाही चालला तरी बुडीत जातं ते थोडंच. छोट्या बेटावर, मर्यादित भांडवलात, दर आठवड्याला ढिगाने रेकॉर्ड निघत होत्या त्या याच हिशेबावर.

रायली आणि कॉलिन्स

विन्स्टन रायली मुळात गायक. १९६२ मध्ये शाळेतल्या मित्रांना घेऊन त्याने ‘द टेक्निक्स’ हा गट काढला. ड्यूक रीडच्या ‘ट्रेझर आयल’साठी त्यांनी ‘क्वीन मॅजेस्टी’सारखी रॉकस्टेडी, म्हणजे रेगेच्या लगेच आधीच्या शैलीतली, गाणी गायली. ‘क्वीन मॅजेस्टी’ हे अमेरिकेतल्या कर्टिस मेफिल्डच्या गाण्याचं जमैकन रूप होतं. दुसऱ्याची चाल उचलून आपली करणं काय असतं आणि दुसऱ्याच्या स्टुडिओत गायक म्हणून उभं राहणं काय असतं, दोन्ही रायलीने अनुभवलं होतं. १९६८ मध्ये तो रीडपासून वेगळा झाला आणि स्वतःचं लेबल सुरू केलं. आता कपाट त्याचं होतं.

कॉलिन्सबरोबर त्याचं आधीच जमलेलं होतं. रायलीने निर्मिती केलेलं ‘डबल बॅरल’ १९७१ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर दोन आठवडे होतं. रेकॉर्डवर नाव ‘डेव्ह अँड अ‍ॅन्सेल कॉलिन्स’, त्यामुळे पुष्कळांना ते भाऊ वाटले. प्रत्यक्षात डेव्ह म्हणजे डेव्ह बार्कर, आरोळ्या त्याच्या, आणि कळफलकावरची बोटं कॉलिन्सची. ड्रमवर एक पोरगेलासा मुलगा होता, पुढे साऱ्या जगाला माहीत झालेला स्लाय डनबार.

‘स्टालाग १७’ हे नाव १९५३ च्या युद्धपटावरून घेतलेलं. जर्मन छावणीतल्या अमेरिकन युद्धकैद्यांचा तो सिनेमा. तेव्हाच्या किंग्स्टनमध्ये वाद्यधुनांना पाश्चात्त्य सिनेमांची नावं देण्याची हौस होती. काउबॉय, हेर, सैनिक, काहीही चालायचं. धुनेचा आणि कैद्यांचा काही संबंध नाही, पण नाव शोभतं खरं. मूळ रेकॉर्ड ऐकली तर पहिल्यांदा अंगावर येतो तो बास: जड, सावकाश, काहीसा उदास. स्वरसंगती फारशा बदलत नाहीत. ऑर्गन वर फिरत राहतो, पण गर्दी करत नाही. मला विचाराल तर या रिडिमचं आयुष्य वाढवलं ते याच काटकसरीने. ज्या ट्रॅकमध्ये चार-पाच वळणं असतात त्याच्यावर गायकाला वळणाप्रमाणे चालावं लागतं. ‘स्टालाग’ गायकाला अडवत नाही. त्यावर सुरात गाता येतं, बोलता येतं, ओरडता येतं, सूर थोडा उतरला तरी खपून जातं. हा शेवटचा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

आवाज

बिग यूथने सत्तरच्या दशकात यावर ‘ऑल नेशन्स बो’ केलं. बिग यूथ म्हणजे मॅन्ली ब्युकॅनन. एकेकाळी मेकॅनिक, नंतर समोरच्या दातांत लाल, सोनेरी आणि हिरवे खडे बसवून फिरणारा रास्ताफारी, म्हणजे आफ्रिकेकडे डोळे लावलेल्या जमैकन धर्मपंथातला, डीजे. त्याच्या तोंडून ‘स्टालाग’ प्रार्थनेसारखा वाटतो. सगळी राष्ट्रं नमतील, असा तो ठाम सूर. बासचं जडपण इथे गांभीर्याचं काम करतं.

नंतर आला जनरल इको. त्याचं ‘आर्लीन’ जमैकात पहिल्या क्रमांकावर गेलं. इकोची ख्याती वेगळीच होती. ज्याला तिथे ‘स्लॅकनेस’ म्हणतात त्या चावट, द्व्यर्थी बोलांचा तो त्या काळातला उस्ताद. तेव्हा बॉब मार्लेमुळे परदेशात रेगे म्हणजे रास्ता, क्रांती आणि आफ्रिका अशी समजूत पक्की होत होती, आणि इकडे किंग्स्टनच्या नाचांत लोक इकोच्या चटोर गोष्टींवर हसत होते. रिडिम तोच. बिग यूथखाली जो बास मंदिराच्या पायरीवर बसला होता तो इथे कोपऱ्यावर उभा राहून शीळ घालतो. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात इको मारला गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या ‘स्टिरिओफॉनिक’ साउंड सिस्टमचे दोन साथीदारही. जमैकाच्या इतिहासातली ती अत्यंत रक्तरंजित निवडणूक होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

याच ‘स्टिरिओफॉनिक’वर एक मुलगी माइक हातात घेऊ लागली होती. तिचं नाव ऑफलिन रसेल, जन्म २ जानेवारी १९६२ चा, घरात पंधरा भावंडं. थोरला भाऊ ब्रिगेडियर जेरी हा तेव्हाचा मातब्बर डीजे. तो रेकॉर्ड करण्यापेक्षा नाचातल्या माइकलाच मानणारा होता आणि त्यामुळे त्याचं छापील काम तुलनेने थोडं आहे. बहीण स्टुडिओत गेली. रायलीने १९८० मध्ये तिची पहिली रेकॉर्ड ‘पापा डीन’ काढली. बाईने माइकवर उभं राहून पुरुष डीजेंच्या रांगेत बोलायचं, हे तेव्हा नवलाचंच होतं. रेगे सनस्प्लॅशसारख्या मोठ्या मंचावर डीजे म्हणून उभी राहणारी ती पहिली स्त्री मानली जाते.

१९८२ मध्ये तिचा ‘वन, टू’ हा अल्बम पुरा होत आला होता. तिच्या सांगण्याप्रमाणे एक गाणं कमी पडत होतं, आणि ती जागा भरायला ‘बॅम बॅम’ आलं. कागदावर लिहून आणलेलं नव्हतं, माइकसमोर उभं राहून सुचत गेलेलं. रिडिम ‘स्टालाग’. ‘बॅम बॅम’ हे धृपद मात्र तिचं नव्हे. टूट्स हिबर्टच्या ‘मेटल्स’ गटाने त्याच नावाच्या गाण्यावर १९६६ मध्ये जमैकाची पहिलीवहिली फेस्टिव्हल गीत स्पर्धा जिंकली होती. नॅन्सीच्याच वर्षी, १९८२ मध्ये, यलोमॅन या डीजेनेही स्वतःचं ‘बॅम बॅम’ काढलं, तेही टूट्सच्या धृपदावर. म्हणजे धृपद सोळा वर्षं जुनं, ट्रॅक नऊ वर्षं जुना, आणि मधली कडवी नॅन्सीची. त्या कडव्यांत ती आपलं म्हणणं मांडते: मी बाई आहे, पुरुष नाही, माइकवर बोलणं ही माझी महत्त्वाकांक्षा आहे, आणि कोणाला बघवत नसेल तर तो त्याचा प्रश्न. टूट्सच्या गाण्यातला बॅम बॅम म्हणजे भांडण, बखेडा. मी कोणाच्या वाटेला जात नाही, पण माझ्या वाटेला आलात तर बखेडा होईल, असा त्याचा रोख. नॅन्सीच्या तोंडी तोच बखेडा तिच्या असण्याभोवती चाललेल्या गवगव्यासारखा ऐकू येतो. हे काम तिचं, आणि ते थोडं नाही.

नवल म्हणजे जमैकात तेव्हा हे गाणं गाजलं नाही. तिला स्वतःलाही ते परदेशात चालतंय याचा पत्ता बराच काळ नव्हता.

शेवटचा मोठा आवाज टेनर सॉ या तरुण गायकाचा. १९८५ हे साल इथे महत्त्वाचं आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला किंग जॅमी या निर्मात्याच्या अंगणातून ‘स्लेंग टेंग’ बाहेर पडला. कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालावर उभा राहिलेला तो रिडिम इतका गाजला की वादकांचा गट बसवून ट्रॅक बनवणं एकाएकी जुनाट वाटू लागलं. टेनर सॉने ‘स्लेंग टेंग’वरही गायलं होतं, त्याचं ‘पम्पकिन बेली’ प्रसिद्ध आहे. आणि त्याच वर्षी, त्याच पोराने, रायलीच्या बारा वर्षं जुन्या टेपवर ‘रिंग दी अलार्म’ म्हटलं. संगणकी तालाच्या लाटेत माणसांनी वाजवलेला, सावकाश, जड ‘स्टालाग’ पुन्हा प्रत्येक नाचात घुमू लागला.

गाण्याचा विषय साउंड सिस्टमची झुंज: समोरचा साउंड मरायला टेकलाय, घंटा वाजवा. टेनर सॉचा आवाज शास्त्रशुद्ध कानाला खटकेल. सुराच्या किंचित खाली राहून तो एक लांब हाळी देतो, आणि तिच्यात एकाच वेळी धमकी आणि विलाप ऐकू येतो. त्या हाळीला खाली असाच रिडिम हवा होता, जो सूर तपासत बसणार नाही. साउंड क्लॅशमध्ये आजही सिलेक्टर हे गाणं शस्त्र म्हणून वापरतात. सुरुवातीचे दोन ठोके पडले की गर्दी ओरडते, रेकॉर्ड उचलून पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. टेनर सॉ १९८८ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला मेला, वय जेमतेम बावीस.

‘रिंग दी अलार्म’नंतर रायलीने ‘स्टालाग’ची आणखी रूपं बाजारात आणली. ‘स्टालाग १७, १८ अँड १९’ असा सगळा अल्बम एकाच रिडिमचा होता. एका रिडिमवर अख्खा अल्बम काढण्याची कल्पना त्याची नव्हे, रुपी एडवर्ड्सने ती १९७४ मध्येच करून दाखवली होती. पण आकडे वाढवत नेण्यातला दुकानदारी मिस्कीलपणा खास रायलीचा.

कायदा काय म्हणत होता

आता मुद्द्याचं. ‘बॅम बॅम’ ध्वनिमुद्रित झालं तेव्हा जमैकात चालू असलेला कॉपीराइट कायदा होता ब्रिटिश संसदेचा, १९११ सालचा. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, पण हा कायदा तसाच राहिला. १९७७ मध्ये नवा कायदा संमत झाला, तो अमलातच आला नाही. स्वतःचा कायदा लागू व्हायला १९९३ उजाडलं, आणि बर्न करारात, म्हणजे देशोदेशींनी एकमेकांचे कॉपीराइट मानण्याच्या करारात, जमैका १९९४ मध्ये आली. म्हणजे स्का, रॉकस्टेडी, रूट्स रेगे आणि डान्सहॉल या एकामागून एक आलेल्या जमैकन शैलींचा पहिला बहर, हे सगळं तबकड्यांचं युग नुकतं सुरू झालं होतं तेव्हाच्या कायद्याखाली पार पडलं.

त्या १९११ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाबद्दल एक कलम आहे, आणि माझ्या मते ते या प्रकरणाची किल्ली आहे. मूळ तबकडी ज्याच्या मालकीची, तोच त्या ध्वनिमुद्रणाचा कर्ता समजला जाईल. गायक नाही, वादक नाही, रचनाकारही नाही. प्लेटचा मालक. गीताच्या शब्दांवर आणि चालीवर वेगळा हक्क होताच, पण तो बजावायचा तर नोंद हवी, प्रकाशनाचा करार हवा, वकील हवा. वीस वर्षांच्या, नाचात माइक धरणाऱ्या मुलीकडे यातलं काय असणार होतं? रेकॉर्डच्या लेबलवर निर्मात्याचं नाव छापलं जाई, कित्येकदा रचनाकार म्हणूनही त्याचंच. गायकाला हातावर थोडी रक्कम मिळे, कधी तीही नाही. आपलं गाणं नाचात वाजतंय, साउंडवर आपल्याला बोलावणं येतंय, हीच कमाई असं मानलं जाई.

बेटापुरता हा व्यवहार चालून गेला, कारण सगळ्यांचं पोट नाचावर होतं. रेकॉर्ड ही एका परीने जाहिरात होती. गाणं बेटाबाहेर पडलं तेव्हा हे गणित कोलमडलं. तिथे पैसा नाचात नव्हता. तो गाणं वापरू देण्याच्या परवान्यांत होता, आणि परवाना देणारा होता टेपवाला.

न्यू जर्सी

नॅन्सी १९९६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला गेली आणि बँकेत हिशेबाच्या कामाला लागली. १९९८ मध्ये ‘बेली’ नावाचा हॉलिवूडपट आला, त्यात ‘बॅम बॅम’ वाजतं. आपलं गाणं सिनेमात आहे हे तिला तो पाहिल्यावर कळलं, अशी तिची हकीकत आहे. त्याच वर्षी लॉरिन हिलच्या ‘लॉस्ट वन्स’मध्येही ‘बॅम बॅम’ ऐकू आलं. हिप-हॉपवाल्यांनी या गाण्याला पुढेही सोडलं नाही. रेगेमधल्या सर्वाधिक सँपल झालेल्या, म्हणजे तुकडे उचलले गेलेल्या, गाण्यांत आज त्याची गणना होते.

ती तरीही गप्प राहिली. का, याचं उत्तर तिच्या परिस्थितीतच दिसतं. नोकरी होती, घर चालत होतं, आणि निर्मात्याशी भांडून कोणाचं भलं झालेलं तिच्या पिढीने पाहिलं नव्हतं. २०१४ मध्ये रीबॉकच्या जाहिरातीत गाणं वाजलं आणि तिने वकील गाठला. सिनेमा येतो आणि जातो. जाहिरात मात्र रोज घरात येते. तोवर रायली हयात नव्हता. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये किंग्स्टनच्या घरी त्याच्या डोक्यात गोळी घातली गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये तो गेला. नॅन्सीच्या सांगण्यानुसार तिला मागच्या दहा वर्षांची भरपाई मिळाली आणि ‘बॅम बॅम’च्या हक्कांचा निम्मा वाटा.

वेळ चांगली साधली गेली. २०१६ मध्ये कान्ये वेस्टच्या ‘फेमस’मध्ये ‘बॅम बॅम’चा मोठा तुकडा आला. २०१७ मध्ये जे-झीने डेमियन मार्लेसोबत ‘बॅम’ केलं, आणि त्याच्या किंग्स्टनमध्ये चित्रित झालेल्या व्हिडिओत नॅन्सी स्वतः दिसते. दोन वर्षं उशीर झाला असता तर हाही हिशेब तिच्या अंगणाबाहेरूनच गेला असता.

निम्मं कशाचं?

बत्तीस वर्षांपैकी दहाच वर्षांचं मिळालं, हे अपुरंच आहे. त्यावर फार खल करण्याची गरज नाही. मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. ‘बॅम बॅम’चे नीट तुकडे केले तर वाटेकरी किती?

कडवी नॅन्सीची, यात वाद नाही. धृपद टूट्सचं. कान्ये वेस्टच्या श्रोत्याच्या डोक्यात जे अडकतं ते बहुतेक वेळा हे धृपदच, पण ते अडकतं नॅन्सीच्या आवाजामुळे. टूट्सचं मूळ गाणं तितक्या कानांत नाही. खालचा रिडिम, ज्याच्याशिवाय ते धृपद हवेत लटकलं असतं, तो अ‍ॅन्सेल कॉलिन्सच्या नावावर निघालेल्या धुनेचा. ती धून उभी करणारे बासवाला, ड्रमर, गिटारवाला हे कामाचे ठरलेले पैसे घेऊन घरी गेलेले. आणि रायली. हो, त्याचाही वाटा आहे. टेप जपून ठेवणं, नऊ वर्षांनी तीच टेप या मुलीखाली लावावी हे सुचणं, आणि बाराव्या वर्षी टेनर सॉखाली लावावी हे पुन्हा सुचणं, याला नुसता साठेबाजपणा म्हणता येणार नाही. इकोला चावटपणा करायला, नॅन्सीला आत्मविश्वास मांडायला आणि टेनर सॉला हाळी द्यायला एकच जमीन पुरेल, हे ओळखायला कान लागतो. मी त्याला निर्दोष ठरवत नाही. पण त्याला वगळून ‘स्टालाग’चा इतिहास सांगताच येत नाही.

या सगळ्यात कॉलिन्सचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं. नॅन्सीवर २०२४ मध्ये स्वतंत्र माहितीपट झाला. टूट्सला त्याच्या हयातीत पुरेसा मान मिळाला. ऑर्गनवादकाबद्दल कोणी तितक्या पोटतिडकीने लिहीत नाही, कारण चेहरा नसलेल्या आवाजावर अन्याय झाला तर तो दिसत नाही.

दुसरीकडे, हे सगळे वाटे १९८२ मध्ये काटेकोर मोजले गेले असते तर? रायलीला कॉलिन्सची परवानगी, टूट्सची परवानगी, वादकांची सही गोळा करावी लागली असती, तीही अल्बममधली शेवटची रिकामी जागा भरण्यासाठी. त्याने दुसरं काहीतरी स्वस्त गाणं टाकून अल्बम छापायला पाठवला असता, याबद्दल मला फारशी शंका नाही. जमैकन संगीताची सगळी सुपीकता या ढिलाईत होती आणि सगळा अन्यायही. हे दोन्ही वेगळे करून दाखवा असं कोणी म्हटलं तर मला जमणार नाही.

हा प्रश्न आता अमेरिकेतल्या न्यायालयापुढे दुसऱ्या रिडिमच्या रूपाने उभा आहे. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीच्या १९८९ मधल्या ‘फिश मार्केट’ रिडिमचा ताल रेगेटोन या लॅटिन अमेरिकन नाचगाण्याच्या शैलीतल्या अठराशेहून अधिक गाण्यांत वापरला गेला, असा दावा कॅलिफोर्नियात २०२१ पासून चालू आहे, आणि प्रतिवादींत शंभराहून जास्त कलाकार आहेत. दावा सुरुवातीलाच फेटाळून लावण्याची त्यांची मागणी न्यायाधीशांनी मे २०२४ मध्ये नाकारली. तिथे वाद एका ड्रमच्या तालावर आहे, ज्याला रचना म्हणावं की सार्वजनिक वाट, यावर संगीततज्ज्ञच भांडत आहेत. ‘स्टालाग’ची बाजू त्यापेक्षा भक्कम ठरेल. त्यात ओळखू येणारी बासची ओळ आहे, धून आहे, नाव आहे, साल आहे आणि वाजवणाराही आहे. न्यायालयाने ‘फिश मार्केट’च्या बाजूने कौल दिला तर ‘स्टालाग’वर गायलेल्या प्रत्येक गाण्याची वही पुन्हा उघडता येईल, आणि त्या वहीत ‘बॅम बॅम’चं पान वर असेल. त्या वेळी निम्म्या हक्काची मालकीण म्हणून सिस्टर नॅन्सी पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत नसेल. ती देणाऱ्यांच्या बाजूला बसलेली असेल.